घरच्या नॅसवरील सामायिक फोल्डर आणि परवानग्या: पहिल्यांदाच मांडणी करणाऱ्यांसाठी

नेटवर्कवर चालणारे साठवणुकीचे उपकरण, ज्याला सगळे नॅस म्हणतात, ते घरी आणून राउटरला जोडणे हे तासाभराचे काम आहे. डिस्क बसवायच्या, पडद्यावर येणाऱ्या सूचना पाळायच्या आणि पहिली मांडणी पूर्ण होऊ द्यायची, एवढे कोणालाही जमते. खरे काम त्यानंतर सुरू होते. कोणाला कोणता फोल्डर दिसावा, कोणाला त्यात लिहिता यावे आणि कोणाच्या हाती पुसण्याचा अधिकार असावा, हे ठरवणे आणि ठरवलेले उपकरणात नीट उतरवणे, एवढ्यापुरता हा लेख आहे.

आमचे घर सांगलीच्या गावभागात आहे. तळमजल्यावर काकांची हळदीची अडत आणि वर तीन पिढ्यांचे एकत्र कुटुंब. ऑगस्ट २०१९च्या महापुरात कृष्णेचे पाणी तळमजल्यात शिरले, तेव्हा हाताला लागतील तेवढ्या वह्या आणि दस्त आम्ही वर नेले. उरलेल्या वह्या पाणी ओसरल्यावर पान पान सुटे करून वाळवल्या आणि पुढचे कित्येक महिने त्या स्कॅन करत राहिलो. त्या स्कॅनसाठीच घरात नॅस आले. पुढे दोन वर्षांनी त्याच स्कॅनपैकी एक मोठा फोल्डर एके दिवशी दिसेनासा झाला. तीन दिवस शोधल्यावर तो गाण्यांच्या फोल्डरात सापडला. पुतण्याने लॅपटॉपवर काहीतरी शोधताना माऊसने तो नकळत ओढून तेथे सोडला होता. त्याची चूक नव्हती. त्या फोल्डरात लिहिण्याचा अधिकार त्याला मी दिला होता, आणि तो देण्याचे काहीच कारण नव्हते.

घरच्या नॅसवर होणारे नुकसान बहुतेक वेळा असेच होते. परका माणूस येऊन काही चोरून नेतो असे क्वचित घडते. घरातल्याच विश्वासाच्या हाताने काहीतरी सरकते, पुसले जाते किंवा जुन्यावर नवे लिहिले जाते असे वारंवार घडते. म्हणून वाचनाची परवानगी मोकळ्या हाताने द्यावी आणि लेखनाची परवानगी काटकसरीने, या एकाच सूत्रावर पुढची सगळी मांडणी उभी आहे.

आधी कागद

उपकरणाच्या पडद्याला हात लावण्यापूर्वी एक कोरा कागद घ्यावा. डाव्या बाजूला एकाखाली एक माणसांची नावे लिहावीत, वरच्या ओळीत फोल्डरांची. प्रत्येक चौकटीत तीनपैकी एकच खूण करायची आहे: काही नाही, फक्त वाचन किंवा वाचन-लेखन. चौकट भरताना ‘या माणसाला हा फोल्डर दाखवायचा का’ एवढेच विचारले, तर उत्तर जवळपास प्रत्येक वेळी ‘हो’ येते, कारण घरच्या माणसापासून काय लपवायचे, असे आपल्याला वाटते. त्यामुळे मी आणखी एक प्रश्न विचारतो: या माणसाच्या हातून हा फोल्डर चुकून रिकामा झाला तर चालेल का? ‘नाही’ असे उत्तर आले आणि त्या माणसाला तेथे रोजचे कामही नसेल, तर तेथे फक्त वाचनाची खूण होते.

आमच्या कागदावर सहा फोल्डर आहेत. ‘अडत’ या फोल्डरात हिशेबाच्या सॉफ्टवेअरची माहिती, शेतकऱ्यांच्या पट्ट्या आणि बिले असतात. ‘दस्त’मध्ये खरेदीखते, सातबारा उतारे आणि विम्याची कागदपत्रे आहेत. ‘वह्या’ म्हणजे पुरातून वाचलेल्या वह्यांचे स्कॅन. चौथा ‘फोटो’, पाचवा ‘गाणी’ आणि सहावा ‘आवक’. या शेवटच्या फोल्डरात घरातला कोणीही काहीही आणून टाकू शकतो. तेथून ते योग्य जागी नेऊन ठेवण्याचे काम एकाच माणसाचे. बाजारात माल आधी आवकेत उतरतो आणि मग त्याची प्रतवारी होते, तसेच हे. आवकेची सोय असली की बाकीच्या फोल्डरांत लिहिण्याची गरज इतरांना फारशी पडत नाही, आणि त्यांना अडवल्यासारखेही वाटत नाही.

नावांच्या बाबतीत एक सूचना. मी येथे नावे मराठीत लिहिली आहेत. प्रत्यक्षात आम्ही ती इंग्रजी लहान अक्षरांत आणि मध्ये जागा न सोडता ठेवली आहेत. संगणकाला आणि फोनला मराठी नावे व्यवस्थित समजतात, परंतु जुन्या टीव्हीवर किंवा स्कॅनरवर ती चौकोनांच्या रांगेसारखी दिसू शकतात.

खाती आणि गट

प्रत्येक माणसाला स्वतंत्र खाते असावे, आजींनासुद्धा. ‘घर’ नावाचे एकच खाते काढून त्याचा पासवर्ड सगळ्यांना सांगणे सोपे वाटते, पण मग कागदावरचे सगळे भेद निरर्थक होतात आणि कोणाच्या हातून काय झाले हे नोंदीतूनही कळत नाही.

सिनॉलॉजी या कंपनीच्या नॅसवरील डीएसएम ७ या प्रणालीत खात्यांसाठी कंट्रोल पॅनेलमध्ये ‘यूजर अँड ग्रुप’ हा विभाग आहे. क्यूनॅप या दुसऱ्या कंपनीच्या क्यूटीएस प्रणालीत तो ‘प्रिव्हिलेज’ या शीर्षकाखाली येतो. इतर उपकरणांत नावे थोडी निराळी असतील, पण खाते, गट आणि सामायिक फोल्डर या तीन गोष्टी सगळीकडे असतातच. सर्वात आधी उपकरणाची व्यवस्था पाहण्यासाठी एक वेगळे ॲडमिन खाते काढावे, त्याला सहज ओळखता न येणारे नाव आणि लांब पासवर्ड द्यावा, दोन टप्प्यांची पडताळणी चालू करावी आणि ‘ॲडमिन’ या ठराविक नावाचे मूळ खाते चालू असेल तर ते बंद करावे. स्वतःसाठी मात्र दुसरे साधे खाते ठेवावे आणि रोजचे काम त्यानेच करावे. घरातला जाणकार माणूस सोयीसाठी दिवसभर ॲडमिन खात्यानेच जोडलेला राहतो, आणि मग त्याच्या हातून सरकलेल्या माऊसला कोणतीच परवानगी अडवत नाही.

खाती झाली की गट करावेत. परवानग्या माणसांना देऊ नयेत, गटांना द्याव्यात, आणि माणसे गटांत घालावीत. पाच माणसांच्या घरात हा उपद्व्याप वाटेल, तरी तो करावा. आमच्याकडे ‘अडत-लेखन’ या गटात काका आणि दिवाणजी आहेत, ‘घर-वाचन’मध्ये सगळे कुटुंब आहे आणि ‘दस्त-लेखन’मध्ये फक्त वडील आणि मी. मागील वर्षी दिवाणजी बदलले, तेव्हा जुने खाते गटातून काढून बंद करणे आणि नवे खाते गटात घालणे, एवढ्यावर काम झाले. एकाही फोल्डरची परवानगी उघडून पाहावी लागली नाही. खाते लगेच पुसून टाकण्याऐवजी आधी बंद करून ठेवावे, म्हणजे त्या माणसाच्या खासगी फोल्डरात कामाचे काही राहिले असेल तर ते शांतपणे काढून घेता येते.

फोल्डर आणि तीन परवानग्या

आता कंट्रोल पॅनेलमधील ‘शेअर्ड फोल्डर’ या विभागात जाऊन कागदावरील एकेक फोल्डर तयार करावा. काही उपकरणांत ‘पब्लिक’ नावाचा फोल्डर आधीपासूनच असतो. त्याची परवानगी पाहून घ्यावी आणि त्याचा वापर नसेल तर ती काढून टाकावी. ‘गेस्ट’ म्हणजे पाहुण्याच्या खात्याला कोणत्याही फोल्डरात प्रवेश देऊ नये आणि ते खाते बंदच ठेवावे. विंडोज ११च्या २०२४मधील आवृत्तीपासून तिचा प्रो प्रकार पासवर्डाविना अशी पाहुण्याची जोडणी मुळात स्वीकारतही नाही, त्यामुळे ‘पूर्वी चालत होते, आता चालत नाही’ अशी तक्रार येऊ लागली तर तिचे कारण बहुधा येथे सापडते.

फोल्डर तयार झाल्यावर परवानग्यांचा तक्ता समोर येतो. त्यात तीन रकाने असतात: ‘नो ॲक्सेस’, ‘रीड राइट’ आणि ‘रीड ओन्ली’. नवख्या माणसाची सर्वात महाग चूक याच तक्त्यात होते, म्हणून येथे थोडे थांबतो.

एक माणूस दोन किंवा तीन गटांत असू शकतो, आणि त्या गटांच्या परवानग्या एकमेकींशी जुळत नसतील तर कोणती लागू होते, याचा ठराविक क्रम आहे. सिनॉलॉजीत ‘नो ॲक्सेस’ सर्वांवर मात करते, त्यानंतर ‘रीड राइट’ आणि शेवटी ‘रीड ओन्ली’. क्यूनॅपमध्येही नकाराचे स्थान पहिलेच आहे. याचा अर्थ असा की, एका गटाने वाचन दिले आणि दुसऱ्याने लेखन दिले तर माणसाला लेखन मिळते. पण दोनांपैकी एकाने जरी ‘नो ॲक्सेस’ म्हटले तरी दुसऱ्याच्या परवानगीला काही किंमत उरत नाही.

आता यातला धोका पाहा. प्रत्येक उपकरणात सर्वांचा एक जन्मजात गट असतो, कोठे त्याला ‘यूजर्स’ म्हणतात तर कोठे ‘एव्हरीवन’, आणि नवीन खाते आपोआप त्यात जाते. ‘दस्त’ फोल्डर सगळ्यांना बंद करायचा म्हणून मी पहिल्याच आठवड्यात ‘यूजर्स’ गटासमोर ‘नो ॲक्सेस’वर खूण केली आणि वडिलांच्या नावासमोर ‘रीड राइट’वर. वडिलांना फोल्डर उघडेना, मलाही उघडेना, कारण आम्ही दोघेही ‘यूजर्स’मध्ये होतोच आणि नकाराने होकाराला झाकून टाकले होते. योग्य मार्ग साधा आहे: ज्याला द्यायचे नाही त्याच्या ओळीतील सर्व चौकटी रिकाम्या सोडाव्यात. रिकामी चौकट म्हणजे ‘मी काही दिलेले नाही’, आणि कोणीच दिले नाही तर प्रवेश मिळत नाही. ‘नो ॲक्सेस’ म्हणजे ‘इतर कोणी दिले असले तरी मी अडवतो’. घरगुती मांडणीत दुसऱ्या प्रकाराची गरज जवळजवळ कधीच पडत नाही. तक्ता भरून झाल्यावर जन्मजात गटाची ओळ सर्व फोल्डरांत रिकामी आहे ना, हे एकदा पाहावे.

याच ठिकाणी आणखी दोन पर्याय दिसतात. फोल्डर नेटवर्कच्या यादीत दिसू नये असा पहिला पर्याय केवळ नाव लपवतो, दार बंद करत नाही. ज्याला नाव माहीत आहे तो पत्ता टाइप करून आत जाऊ शकतो. परवानगी नसलेल्या माणसाला आतील उपफोल्डर आणि फाइली दिसूच नयेत, असा दुसरा पर्याय मात्र उपयोगाचा आहे. तो चालू ठेवावा, म्हणजे मुलांच्या पडद्यावर उघडता न येणाऱ्या गोष्टींची गर्दी होत नाही.

आतले दुसरे कुलूप

सामायिक फोल्डरावरील परवानगी हे पहिले कुलूप. प्रत्येक फाइलीवर आणि उपफोल्डरावर डिस्कच्या पातळीवरची परवानगी हे दुसरे. बहुतेक नॅसच्या पोटात लिनक्स असते, आणि तेथे मालक, गट व इतर अशा तिघांसाठी वाचनाचे ४, लेखनाचे २ आणि फाइल चालवण्याचे किंवा फोल्डरात शिरण्याचे १ अशा अंकांच्या बेरजेने परवानगी लिहिली जाते. त्यावर, कोणाला नेमके काय करता येईल याच्या आणखी तपशीलवार यादीची सोय असते. दोन्ही कुलुपे उघडली तरच माणूस आत जातो, आणि जे अधिक कडक ते लागू होते. वरच्या तक्त्यात लेखन दिलेले असूनही एखादीच फाइल उघडत नसेल, तर अडचण जवळपास नक्कीच या दुसऱ्या कुलुपात असते. एका फोल्डरातून दुसऱ्यात सरकवलेली फाइल अनेकदा आपली जुनी परवानगी बरोबर घेऊन येते, तर नक्कल केलेली फाइल नव्या जागेची परवानगी घेते. म्हणून ‘आवक’मधून दुसरीकडे नेताना मी फाइल सरकवत नाही, नक्कल करतो आणि मग मूळ पुसतो.

नवख्यांनी या दुसऱ्या पातळीवर हात न घालणे चांगले. ‘फोटो’च्या आत ‘लग्न’ फोल्डर फक्त दोघांना, आणि त्याच्या आतला एक उपफोल्डर पुन्हा सर्वांना, अशी मांडणी करता येते, पण सहा महिन्यांनी ती करणाऱ्यालाही आठवत नाही. वेगळ्या माणसांसाठी वेगळा सामायिक फोल्डर करावा. फोल्डरांची संख्या दोनाने वाढली तरी हरकत नाही.

‘लिहिता यावे पण पुसता येऊ नये’ अशी परवानगी मागणारे पुष्कळ भेटतात, आणि तपशीलवार यादीत ती देताही येते. हिशेबाच्या किंवा एक्सेलच्या फाइली असलेल्या फोल्डरात मात्र ती देऊ नये. एक्सेल फाइल जतन करताना आधी एक तात्पुरती फाइल लिहितो, जुनी काढतो आणि तात्पुरतीला जुनीचे नाव देतो. पुसण्याचा अधिकार नसेल तर ही साखळी मध्येच तुटते आणि फोल्डरात विचित्र नावांच्या फाइली साठत जातात. तसेच हिशेबाची अनेक सॉफ्टवेअर नुसते पाहण्यासाठी उघडली तरी नोंदीच्या फाइली लिहितात, त्यामुळे ती वापरणाऱ्या प्रत्येकाला तेथे पूर्ण लेखन द्यावेच लागते. आमच्या काकूंना फक्त शिल्लक पाहायची असते. त्यांना ‘अडत’ फोल्डर न देता दिवाणजी रोज संध्याकाळी एक पीडीएफ दुसऱ्या वाचनाच्या फोल्डरात ठेवतात. परवानग्यांच्या खेळापेक्षा ही रीत अधिक भरवशाची ठरली आहे.

संगणकावरून जोडणी

नॅसचा पत्ता बदलत राहिला तर जोडण्या तुटतात, म्हणून आधी राउटरमध्ये जाऊन त्याचा पत्ता राखून ठेवावा. उदाहरणासाठी आपण तो १९२.१६८.१.५० धरू. टाइप करताना अर्थातच इंग्रजी अंक वापरायचे. नॅसच्या फाइल सेवांमध्ये एसएमबी, म्हणजे संगणकाला नेटवर्कवरून फाइली देण्याघेण्याची पद्धत, चालू असावी आणि तिची किमान आवृत्ती दोन किंवा त्याहून वरची ठेवावी. पहिली आवृत्ती बंदच असली पाहिजे: मे २०१७मध्ये जगभर पसरलेला वॉनाक्राय हा खंडणीखोर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून पैसे मागणारा, प्रोग्राम तिच्यातील उणिवेचाच फायदा घेत एका संगणकावरून दुसऱ्यावर गेला होता.

विंडोजवर फाइल एक्सप्लोररमध्ये ‘धिस पीसी’ उघडून ‘मॅप नेटवर्क ड्राइव्ह’ निवडावे, एखादे मोकळे अक्षर घ्यावे आणि पत्त्याच्या जागी दोन उलट्या तिरप्या रेघा, नॅसचा पत्ता, पुन्हा एक उलटी तिरपी रेघ आणि फोल्डराचे नाव लिहावे. ‘कनेक्ट यूजिंग डिफरंट क्रेडेन्शियल्स’वर खूण करावी. वापरकर्त्याचे नाव विचारले जाईल तेव्हा नुसते नाव न लिहिता आधी नॅसचे नाव, मग उलटी तिरपी रेघ आणि मग खात्याचे नाव असे लिहावे; तसे न केल्यास विंडोज कधी कधी संगणकाचे स्वतःचे नाव किंवा मायक्रोसॉफ्ट खात्याचा ईमेल पुढे करते आणि बरोबर पासवर्ड असूनही दार उघडत नाही. आमच्या घरात सर्वाधिक वेळा झालेला गोंधळ याहून साधा होता: वहिनी संगणक उघडण्याचा चार अंकी पिन नॅसला देत होत्या. पिन फक्त त्या संगणकापुरता असतो. नॅसचा पासवर्ड वेगळा, हे प्रत्येकाला खाते देताना सांगून ठेवावे.

दुसरी नेहमीची अडचण अशी की, विंडोज एका नॅसशी एका वेळी एकाच खात्याने बोलते. काकांच्या खात्याने ‘अडत’ जोडलेला असताना त्याच संगणकावरून वडिलांच्या खात्याने ‘दस्त’ जोडायला गेले की १२१९ क्रमांकाची चूक दाखवली जाते. परवानगी बरोबर असूनही हे होते, म्हणून माणूस परवानग्या उलटसुलट करून पाहतो आणि चांगली मांडणी बिघडवतो. तसे न करता कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘नेट यूज’ ही आज्ञा देऊन कोणत्या जोडण्या चालू आहेत ते पाहावे, नको ती तोडावी, ‘क्रेडेन्शियल मॅनेजर’मध्ये साठलेला जुना पासवर्ड काढावा आणि पुन्हा जोडावे. एका संगणकावर दोन माणसे बसत असतील तर विंडोजमध्येच त्यांची दोन खाती काढणे हा याचा कायमचा उपाय आहे.

मॅकवर फाइंडरच्या ‘गो’ यादीतील ‘कनेक्ट टू सर्व्हर’ने, आयफोनवर आयओएस १३पासून ‘फाइल्स’ ॲपमधील त्याच नावाच्या पर्यायाने आणि अँड्रॉइडवर नॅसच्या कंपनीच्या ॲपने किंवा नेटवर्क साठवणूक दाखवणाऱ्या फाइल मॅनेजरने हेच काम होते. फोनमधील फोटोंची आपोआप नक्कल होणार असेल तर ती ज्याच्या त्याच्या खासगी फोल्डरात जाऊ द्यावी, सामायिक ‘फोटो’मध्ये नव्हे. तेथून निवडक फोटो निवांतपणे सामायिक फोल्डरात आणावेत.

ज्यांना माणूस चालवत नाही अशी उपकरणे

टीव्ही आणि स्कॅनर यांनाही स्वतःचे खाते द्यावे. टीव्हीच्या खात्याला फक्त ‘गाणी’ आणि ‘फोटो’ यांचे वाचन पुरते. स्कॅनरच्या खात्याला फक्त ‘आवक’मध्ये लेखन द्यावे, स्कॅनरच्या आठवणीत पासवर्ड साठलेला असतो, म्हणून तेथे स्वतःचे किंवा ॲडमिनचे खाते कधीही देऊ नये. जुना स्कॅनर एसएमबीची पहिली आवृत्तीच मागत असेल, तर त्याच्यासाठी ती चालू करण्यापेक्षा पेन ड्राइव्हवर स्कॅन करून ते हाताने आणावे.

टीव्हीच्या बाबतीत एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. नॅसवर डीएलएनए म्हणजे मीडिया सर्व्हर चालू केला की तो आपण नेमून दिलेल्या फोल्डरांतील फोटो आणि चित्रफिती घरच्या वायफायवरील कोणत्याही टीव्हीला किंवा फोनला दाखवतो, आणि साधारणपणे पासवर्ड विचारत नाही. म्हणजे इतक्या काळजीने भरलेला तक्ता तेथे लागूच होत नाही. मीडिया सर्व्हरच्या यादीत फक्त ‘गाणी’ फोल्डर ठेवावा, ‘फोटो’ त्यातून काढावा, आणि घरी येणाऱ्यांना राउटरवरील पाहुण्यांचे वेगळे वायफाय द्यावे, जे घरातील इतर उपकरणांपर्यंत पोचू देत नाही.

तपासणी

मांडणी संपली असे समजण्यापूर्वी कागद हातात घेऊन प्रत्येक माणसाच्या खात्याने, शक्यतो त्याच्याच संगणकावरून, प्रत्येक फोल्डर तपासावा. केवळ फोल्डर उघडतो का हे पाहणे पुरेसे नाही. एक फाइल उघडावी, एक नवी मजकूर-फाइल तयार करून पाहावी, ती पुसून पाहावी. जेथे फक्त वाचन आहे तेथे फाइल तयार करण्याचा प्रयत्न नाकारला गेला पाहिजे. तो नाकारला गेला नाही तर तो माणूस आणखी कोणत्या गटात आहे ते शोधावे. गट बदलल्यानंतर तो बदल लगेच दिसला नाही तर घाबरू नये. चालू जोडणीला जुन्या गटांचीच ओळख असते, म्हणून तिथून बाहेर पडून पुन्हा जोडावे आणि मग तपासावे. प्रत्येक चौकट तपासून झाली की पेनाने त्यावर बरोबरची खूण करावी. आमच्या घरी नऊ खाती आणि सहा फोल्डर, म्हणजे ५४ चौकटी होत्या, आणि एका रविवारच्या दुपारी त्या पूर्ण झाल्या. त्यांपैकी तीन ठिकाणी कागद आणि उपकरण यांत फरक सापडला.

तरीही काही पुसले गेले तर

ज्यांना लेखन दिले त्यांच्या चुकांसाठी वेगळी सोय लागते. प्रत्येक सामायिक फोल्डरासाठी रीसायकल बिन चालू करावी आणि ती उघडण्याचा अधिकार फक्त ॲडमिनला ठेवावा. तिची मर्यादा लक्षात असू द्या: पुसलेली फाइल तिच्यात सापडते, पण जुन्या आकड्यांवर नवे लिहून जतन केलेली फाइल सापडत नाही. त्यासाठी स्नॅपशॉट लागतात, म्हणजे फोल्डराची त्या क्षणाची गोठवलेली स्थिती. अनेक उपकरणांत बीटीआरएफएस किंवा झेडएफएस या प्रकारे बांधलेल्या डिस्कवरच ते मिळतात, सगळ्या स्वस्त उपकरणांत नसतात, आणि डिस्कची बांधणी नंतर बदलायची तर सर्व काही पुसावे लागते. म्हणून खरेदीच्या वेळीच हे विचारून घ्यावे. ‘अडत’चे स्नॅपशॉट आम्ही कामाच्या वेळेत दर तासाला घेतो आणि बाकीच्यांचे दिवसातून एकदा.

खंडणीखोर प्रोग्रामच्या बाबतीतही हाच मुद्दा निर्णायक आहे. असा प्रोग्राम ज्या माणसाच्या संगणकात शिरतो त्या माणसाच्या परवानग्यांनी काम करतो. त्याला जेथे लिहिता येते तेथल्या फाइली तो कुलूपबंद करू शकतो, आणि जेथे फक्त वाचन आहे तेथे काही करू शकत नाही. नॅसकडे बाहेरून येण्यासाठी राउटरमध्ये पोर्ट, म्हणजे इंटरनेटवरून आत येण्याचे दार, उघडून ठेवणे तर टाळावेच. जानेवारी २०२२मध्ये डेडबोल्ट नावाच्या प्रोग्रामने इंटरनेटवर थेट उघडी असलेली नॅस उपकरणे गाठली, तेव्हा फोल्डरांच्या परवानग्यांचा मालकांना काही उपयोग झाला नाही. बाहेरगावाहून फाइल पाहायची असेल तर व्हीपीएनचा, म्हणजे घरच्या नेटवर्कपर्यंतच्या सुरक्षित खासगी जोडणीचा, मार्ग घ्यावा.

दोन डिस्कवर एकच माहिती लिहिणारी रेड व्यवस्था म्हणजे बॅकअप नव्हे, कारण एका डिस्कवरून पुसलेले दुसरीवरूनही त्याच क्षणी पुसले जाते. आमचे मुख्य उपकरण वरच्या मजल्यावर यूपीएससह आहे आणि दुसरी प्रत दर रात्री साताऱ्याला बहिणीच्या घरी जाते. कृष्णेचे पाणी पुन्हा गावभागात येईल हे गृहीत धरूनच ती जागा निवडली. त्या प्रतीच्या फोल्डरात लिहिण्याचा अधिकार फक्त ‘बॅकअप’ नावाच्या खात्याला आहे; त्या खात्याचा पासवर्ड घरातल्या एकाही संगणकात साठवलेला नाही, आणि माझ्या रोजच्या खात्यालाही ती प्रत दिसत नाही. वर्षातून दोनदा मी तेथून एखादा फोल्डर परत आणून उघडून पाहतो, कारण उघडून न पाहिलेली प्रत ही प्रत आहे की नाही हे सांगता येत नाही.

परवानग्यांचा कागद आम्ही नॅसच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आहे. दर वर्षी ३१ मार्चचे हिशेब संपले की तो काढून खात्यांची यादी त्याच्याशी जुळवायची, वर्षभरात ज्याने ज्या फोल्डरात काही लिहिलेले नाही त्याचे तेथील लेखन काढून वाचन ठेवायचे, आणि दुरुस्त केलेल्या कागदावर तारीख घालून तो पुन्हा लावायचा. ॲडमिन खात्याचा पासवर्ड आणि दोन टप्प्यांच्या पडताळणीचे राखीव आकडे बंद पाकिटात काकूंच्या कपाटात ठेवले आहेत, आणि ते पाकीट कोठे आहे हे माझ्याखेरीज वडिलांना आणि वहिनींना ठाऊक आहे.